निवल्याशिवाय निकाल देऊ नये

चिरंजीव ठिणगीस,

काकाचे आशीर्वाद, आणि काकूचे त्याहून जास्त (तिने तसं लिहायला बजावलं आहे). तब्येत कशी आहे? जेवण वेळेवर होतं का? तिकडे उंच इमारतींवर चढताना कमरेला पट्टा बांधतेस ना? इकडे सगळं क्षेम आहे, एक कॉम्प्रेसर सोडून. शेवटी तोही क्षेमच निघाला, पण ते क्रमाने सांगतो. शेवट आधी सांगितला तर तू पत्र मिटून ठेवशील, आणि मला जे कबूल करायचं आहे ते तसंच घडीत राहून जाईल. येत्या एक तारखेला तू त्या मोठ्या कंपनीत कायम होण्याच्या कागदावर सही करणार, असं तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला. (काकू म्हणते, इतका आनंद झाला की तुम्ही चहात मीठ घातलंत. हिचं सगळीकडे लक्ष.) तर हे पत्र त्या सहीबद्दल मुळीच नाही.

मागल्या आठवड्यात चौकातल्या फुलवाल्या बाई भर दुपारी दुकानात आल्या. त्यांच्या फुलांच्या खोलीतला एसी नुसता वारा फेकत होता, गार करायचं नाव नाही. आत बादल्यांमधून चारशे लिली, परवाच्या लग्नासाठी. आणि बाहेर ऊन असं की शिडीला फडकं गुंडाळून चढावं लागलं. वर पत्र्यावर जाऊन बघतो तर बाहेरच्या डब्यातला पंखा मजेत फिरतोय, पण कॉम्प्रेसर मुका. मधूनच ‘हूं’ करायचा, ‘टक्’ म्हणायचा आणि पुन्हा गप्प, रुसलेल्या जावयासारखा. मी कान लावला. मग हात लावला, आणि लावला त्याहून लवकर काढला, कारण तवा परवडला. तुला ठाऊकच आहे, मी चाळीस वर्षं हातानेच निदान करत आलो (त्यावरूनच तर आपलं बिनसलं). तेव्हा तिथेच उभ्या उभ्या निकाल दिला: गेला. वर बाईंना ऐकवलं की हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. आता विचार करता वाटतं, निम्मे तरी उन्हानेच झाले असावेत.

बाईही काही कमी नाहीत. म्हणाल्या, “तुमची ती पुतणी असती ना, तर पिवळा मीटर लावल्याशिवाय तिने मेल्याचा दाखला दिला नसता.” हे मला लागलं. तडक दुकानात आलो आणि तू खणात ठेवून गेलेला मीटर काढला. आठ महिन्यांत मी त्याला एकदाही कामाला लावलं नव्हतं. (दर शनिवारी पुसत होतो, ते वेगळं.) वर येऊन मेन बंद केला (हो, बंद केला, तिथून ओरडू नकोस). कॉम्प्रेसरला जिथे विजेच्या तारा जोडतात त्या तीन पायांमधून आतली तार सलग असली तर मीटर ‘टीं’ करतो, एवढं मलाही कळतं. मुख्य पायापासून एकीकडे चिमटा लावला: चूप. दुसरीकडे लावला: चूप. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कॉम्प्रेसर मेल्याचा नव्हे गं, माझा हात आणि तुझं यंत्र यांचं एकदाचं एकमत झाल्याचा. लगेच नव्या कॉम्प्रेसरसाठी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

पण फुलं काही सकाळपर्यंत थांबत नाहीत. म्हणून बाईंच्या बादल्या हातगाडीवरून आपल्या घरी आणल्या आणि आमच्या खोलीतला एसी होता नव्हता तेवढा जोरात लावला. पलंगावर लिली, कपाटावर लिली, इस्त्रीच्या टेबलाखाली लिली. काकू दारात उभी राहून म्हणाली, “लग्न झाल्यापासून एक फूल आणलं नाहीत, आज सगळं एकदम फेडताय की काय?” मला उत्तर द्यायचं होतं, पण शिंका आवरेनात. एकूण बत्तीस झाल्या. (मी मोजल्या नाहीत. तीच मोजत होती, मोठ्याने.)

संध्याकाळी ऊन उतरल्यावर जुना कॉम्प्रेसर उतरवून ठेवावा म्हणून पाना, पक्कड आणि नळी कापायची कात्री घेऊन पुन्हा वर चढलो. खालून शिडी धरून बाई म्हणतात, “काढण्याआधी एकदा शेवटचं बघा हो. माणसाचीसुद्धा दोनदा नाडी बघतात.” मी चिडून चिमटे लावले, मीटर तिथेच ठेवला, म्हटलं, घ्या, ऐकत बसा. मीटर चूपच. मी बोल्ट सोडायला बसलो. तिनातले दोन सुटले, तिसरा गंजलेला होता, त्याला शिव्या घालत होतो (तुला येतात त्याच, माझ्याकडूनच शिकलीस). तेवढ्यात आतून बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि मागोमाग मीटर बोलायला लागला. टीं! थांबेचना. मी जो पत्र्यावर बसलो तो बसलोच. आधी वाटलं मीटर बिघडला, म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या. (माफ कर.) चिमटे काढले की चूप, लावले की टीं. नळी कापायची तेवढी बाकी होती, ठिणगे! एक कात्री चालली असती, की चांगल्या जिवंत गड्याचा आतला गॅस हवेत गेला असता.

खाली उतरून दुकानात गेलो आणि मीटरच्या पिशवीतली तुझी वही उघडली. ती मी याआधी कधीच वाचली नव्हती. (एकदा वाचली होती, पण चष्म्याशिवाय.) मधल्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: ‘गरम कॉम्प्रेसरवर निकाल देऊ नये. फार तापला की आतली पट्टी आपण होऊन वीज तोडते. तेव्हा मीटर मेलाच म्हणतो. निवू द्यावा, मग मोजावं. मग कॅपॅसिटर बघावा.’ तर मी कॅपॅसिटर बघितला. मुठीएवढा डबा, पण डोकं टम्म फुगलेलं. तो कॉम्प्रेसरला उठायला हात देईना, कॉम्प्रेसर हूं हूं करून तापायचा आणि आतून दार लावून बसायचा, एवढंच दुखणं होतं. नवा कॅपॅसिटर घातला, मागची जाळी धुतली (त्यातून गेल्या तीन हंगामांच्या पाकळ्या आणि कबुतराचं अर्धं बिऱ्हाड निघालं), बोल्ट आवळले, मेन सुरू केला. पहिल्या झटक्यात उठला. बाईंनी फुलं परत नेली. काकूने दोन ठेवून घेतली.

आता कबुली. तुझ्या वहीतल्या त्या पानावर तारीख आहे. आपण दातवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भांडलो त्याच दिवसाची. तू म्हणत होतीस, काका, तासभर थांबू, निवू दे. आणि मी, खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलेल्या पेशंटसमोर (बिचाऱ्याला कुणाचीच बाजू घेता येत नव्हती) तुला म्हणालो, चार पुस्तकं वाचलीस म्हणून मला शिकवू नकोस. तू पेचकस खाली ठेवलास आणि गेलीस. मी त्यांच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलला. जुना दुकानामागे आणून ठेवला, त्यावर गोणपाट टाकलं, आणि तेव्हापासून सकाळचा चहा त्याच्यावर बसून पितो. परवा गोणपाट काढलं आणि मीटर लावला. तिन्ही पाय बोलले. आठ महिने मी एका धडधाकट जिवाच्या डोक्यावर बसून चहा पीत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तू बरोबर होतीस. (काकू म्हणते, ठळक लिहा. माझं पेन एवढंच उमटतं, म्हणून दोनदा लिहितो.) तू बरोबर होतीस. दातवाल्या डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “मला तेव्हाच वाटलं होतं. ती हळू बोलत होती आणि तुम्ही मोठ्याने.” त्या गृहस्थांनी माझी दाढ काढली तेव्हासुद्धा इतकं खोल गेले नव्हते.

चहा आता उभ्याने पितो. बाकी ठीक.

तुझा,
हाताने निदान करणारा (निवृत्त) काका

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. मीटरचा आवाज बारीक होत चाललाय. त्याला बॅटरी कुठली लागते आणि मागचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं, तेवढं कळव. दुसरं काही कारण नाही.

ता. क. (दुसरा) काकू मागे उभी राहून वाचते आहे आणि म्हणते, शोभतं का हे तुम्हाला? तर लिहितो. सही करण्याआधी एकदा येऊन जा. तिथली नोकरी चांगली आहे, हे मला कळतं. पण इथे यापुढे निकाल तू द्यायचा, आणि मी खाली शिडी धरायची. ग्राहकांसमोर. मोठ्याने हूं म्हणायलाही तयार आहे. नाही आलीस तरी रागावणार नाही. सहीच्या दिवशी चहात साखर आहे का, ते आधी बघून घेईन.

ता. क. (तिसरा) हे सगळं सोमवारी लिहिलं. मग म्हटलं, गरम असताना पेटीत टाकू नये. दोन दिवस खणात ठेवलं, मीटरशेजारी. आज बुधवार. नीट निवल्यावर चष्मा लावून पुन्हा वाचलं. रीडिंग तेच येतंय.

(बॅटरी मी कालच बदलली. झाकण सरकवायचं असतं. वरचं खोडायचं राहिलं.)