मालूबाईचं जू

५ ऑगस्ट १९५७, डोईफोडिया
पोचलो एकदाचा. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि मी, वर्ध्याचा मधुकर, भोपाळच्या वाट्याला आलो. बायको, विमल, म्हणते, वाटणीत कप इकडे आणि बशी तिकडे गेल्यासारखं झालं. बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात दोन दिवस काढले, मावा जिलबीवर ताव मारला आणि आज बांधकाम खात्याच्या जीपनं इथल्या सडक-चौकीत येऊन पडलो. खोली कोरडी आहे, विहीर जवळ, मागे केळीची बाग. स्वयंपाकाला गावातल्या धुरपदाबाई, हाताखाली उखर्डू. सडक आजवर स्थानिक जनपद सभेची होती, आता राज्याची झाली. म्हणजे इथं तरी तिचा मालक मीच.

७ ऑगस्ट
खात्यानं स्टॉपवॉच दिलंय. काय देखणं यंत्र आहे! वळणाच्या अलीकडे-पलीकडे दोन दगड चुन्यानं रंगवले. वरच्या दगडापाशी लॉरी आली की उखर्डू झेंडा पाडतो आणि मी काटा सोडतो. माझ्या दगडापाशी आली की थांबवतो. वेग जास्त भरला तर नंबर पोलिसांकडे. पण भरणार कसा? दोन दगडांच्या मधोमध सडकेवर बैलगाडीचं जू आडवं पडलेलं असतं. ते मालूबाईचं. याच वळणावर तिचा नवरा गाडीबैलांसकट लॉरीखाली गेला, तेवढं जू अखंड राहिलं. तेव्हापासून ती ते सडकेवर ठेवते. ड्रायव्हर उतरतो, जू उचलून बाजूला करतो, गाडी पुढे काढतो. ती पुन्हा ठेवते. कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. आमचा जीपवालाही मुकाट उतरला होता. मला हसू आवरेना.

१० ऑगस्ट
मालूबाईंना समजावलं, की राज्याच्या सडकेवर अडथळा चालत नाही. त्या म्हणाल्या, "सडक तुमची ऱ्हावो साहेब, वळण माझं हाये." डोकं फिरलं माझं. उखर्डूला जू उचलायला सांगितलं तर तो हात लावेना. मग मीच खांद्यावर टाकून चौकीत आणलं. बाई केळीच्या बांधावर बसून नुसत्या बघत होत्या.

१२ ऑगस्ट
सगळं सरपण ओलं. धुरपदाबाईंना म्हटलं, ते जू घाला बंबात. त्यांनी कानांना हात लावले. मग मीच फोडलं आणि पेटवलं. लाकूड कडक होतं, पाणी छान तापलं.

१३ ऑगस्ट
पावसानं तीन दिवस बंद पडलेली वाहतूक आज सुरू झाली. दुपारी लॉरी आली, मोकळ्या सडकेवर भरधाव. उखर्डूनं झेंडा पाडला. मालूबाई केळीतून बाहेर आल्या, वळणावर वाकल्या आणि नसलेलं जू उचलायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मला दिसलं. ओरडायला वेळ होता. पण काटा पळत होता, पहिल्यांदाच खरा वेग हाती लागत होता, आणि मी घड्याळाकडे बघत राहिलो. लॉरी माझ्या दगडापाशी आल्यावर आधी बटण दाबलं. मग ओरडलो.

१६ ऑगस्ट
पोलिसांना लिहून दिलं, बाई अचानक आडवी आली. गावकऱ्यांना मालूबाईंच्या चितेवर ठेवायला जू हवं होतं, परवा दहनाआधी विचारायला आले होते. वाळवी लागली होती म्हणून फेकलं, असं मी सांगितलं. धुरपदाबाई दारातच होत्या. तेव्हापासून ताट उंबऱ्याबाहेर ठेवून जातात. मला माझीच किळस येते.

१९ ऑगस्ट
आज लॉरी वळणावर थांबली. ड्रायव्हर उतरला, वाकला, काहीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. गाडी पुढे काढली आणि परत येऊन ते जागेवर ठेवलं. मागच्या लॉरीवाल्यानंही तेच केलं. उखर्डूला विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, "जू आडवं पडेल हाय ना साहेब. तुमाले दिसत नई का?"
मी जाऊन सडकेवर हात फिरवला. नुसती ओली खडी होती.

२१ ऑगस्ट
जीपवालाही उतरला. सगळ्यांना दिसतं. मला सोडून.
उजवा खांदा दुखतो. त्याच खांद्यावरून आणलं होतं.

२३ ऑगस्ट
खांदा सुजलाय. कातडी बैलाच्या खांद्यासारखी राठ झालीय — मान वर होत नाही. विमलला लिहायला बसलो, फाडून टाकलं. चालताना फक्त माझे पाय दिसतात. आणि शेजारी — चिखलानं भरलेले, अनवाणी, बाईचे पाय. मी थांबलो की थांबतात.
जुवाला दोन बाजू असतात.

२४ ऑगस्ट
उद्या पोळा. आज गावात बैलांची खांदेमळणी. धुरपदाबाई हळद-लोण्याची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या खांद्याला चोळू लागल्या. मी रडलो. म्हटलं, तुम्ही सांगा ना गावाला, मी जाळलं म्हणून. त्या म्हणाल्या, "सांगाचं असंन त तुमीच सांगा."
पारावर गेलो. माणसं बैल धूत होती. तोंड उघडेना —
परत आलो.

२५ ऑगस्ट, पोळा
इथं तरी लिहितो. जू मी जाळलं. बाई मला दिसली होती. मी घड्याळ बघत राहिलो.
आता गावाला सांगायला निघालोय. घड्याळ उखर्डूकडे दिलं. तो म्हणाला, आज वळण मोकळं आहे साहेब, पोळ्याला जू उतरवतात.
माझं उतरलं नाही —

पाय पुढे जाईनात. वळणावरच थांबले. शेजारचेही. वही गुडघ्यावर धरून —

लॉरीचा आवाज. आज ड्रायव्हर कशाला उतरेल, आज त्याला काही दिसणार नाही —
उखर्डूला हाक मारतोय. मान जरा वर झाली — दगडापाशी उभा आहे — माझ्याकडे बघत नाही, काट्याकडे बघ