तोंडात खडे

७ ऑक्टोबर १९९४, शुक्रवार
आज परत रोमन! ताटात वरण-भात, आणि शिरीष पुस्तकातून मान वर न काढता — "रो-रोमन लोक कपडे मु-मुतात धुवायचे. दातसुद्धा त्यानेच घासायचे!" निवेदिता खिदळतेय. चार वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं? मला जेवण गेलं नाही. लग्न इंजिनियरशी केलं होतं मी!

११ ऑक्टोबर
आता डेमॉस्थेनिस. ग्रीक वक्ता. बोलताना अडखळायचा म्हणून तोंडात खडे धरून भाषणाचा सराव करायचा म्हणे. शिरीष आज अंगणातले खडे धुऊन घेऊन आला! त्याचं अडखळणं लहानपणापासूनचं. मला कधी खुपलं नाही. छत्तिसाव्या वर्षी हे काय खूळ? "प्रमोशनसाठी का?" विचारलं. नुसता हसला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
इथे आखातात सुट्टी शुक्रवारची, तीही वाया. मुहर्रकच्या किनाऱ्यावर हा गुडघाभर पाण्यात, तोंडात खडे, समुद्राला पाढे म्हणून दाखवतोय. आम्ही दोघी गाडीत उकडतोय. जाळं सोडवत बसलेला म्हातारा उठून माझ्याजवळ आला, कपाळाशी बोट फिरवत हलकेच म्हणाला, "मजनून?"
"इंजिनियर," म्हटलं.

१८ ऑक्टोबर
गिळला! खडा गिळला! अर्धा दिवस सलमानिया हॉस्पिटलात. "कसा गिळला?" डॉक्टरांनी विचारलं, तर ह्याला 'डे'च्या पुढे जाता येईना. शेवटी मीच सगळं ग्रीक पुराण सांगितलं. डॉक्टर एक्स-रेआड तोंड लपवून हसले. केळी खा म्हणाले. शेजारची खदिजा रात्री डझनभर केळी घेऊन हजर — "इंशाल्ला, उद्या!"

२० ऑक्टोबर
पडला एकदाचा.

२५ ऑक्टोबर
कहर! सराव सोडून बाहेर जाता येऊ नये म्हणून डेमॉस्थेनिसने अर्धं डोकं भादरलं होतं. शिरीषने अर्धी मिशी उतरवली! ऑफिसला आठवडाभर रजा. झिंजमधल्या ह्या दोन खोल्यांत दिवसभर बडबड-बडबड.
भांडले. खूप भांडले. "मला तू आहेस तसा चालतोस. मग कोणासाठी चाललंय हे?"
त्याने खडे तळहातावर काढले. मग — "उ-उपयोग होतो का, ते ब-बघायचंय." एवढंच. परत खडे तोंडात.

२९ ऑक्टोबर
नर्सरीत बोलावलं होतं. निवेदिता वर्गात बोलेनाशी झाली आहे. पहिलंच अक्षर अडकतं, मुलं हसतात.
"आपके हजबंड को तो पिछले महीने ही बताया था," मॅडम म्हणाल्या.
घरी आले. अर्ध्या मिशीत शिरीषने दार उघडलं. टेबलावरचे खडे मीच धुऊन त्याच्या हातात ठेवले.