साडेदहा ते साडेसात

२७ मार्च, गुरुवार

झालं! नोटीस लागली. १ एप्रिलपासून कामाची वेळ साडेदहा ते साडेसात. आतापर्यंत साडेआठ ते साडेपाच होती, आणि त्या साडेपाचच्या भरवशावरच मी गोरेगावचा कायद्याचा वर्ग सांभाळून ही नोकरी धरली होती. वर्ग साडेसहाला. दुसरं वर्ष चालू आहे. आता काय करू?

बोर्डावर नोटीस मीच लावली. टाइम ऑफिसात हजेरी-रजेचं बघते म्हणून सगळे माझ्यावरच धावून येतात. पॅकिंगची नंदा सगळ्यांसमोर — "दर्शना, तू वर एसीत बसून हेच करतेस काय गं?" मी हसण्यावारी नेलं.

रजेचं तर वाईटच. पंधरा दिवस आधी अ‍ॅपवर अर्ज. उरलेली रजा पुढच्या वर्षी नाही. आणि शेवटचा मुद्दा — न कळवता सलग तीन दिवस गैरहजर, तर 'नोकरी सोडली असे समजण्यात येईल.'

२९ मार्च

१४ एप्रिल सुट्ट्यांच्या यादीत 'ऐच्छिक' झालीय. म्हणजे अर्ज करून घ्यायची. आईला सांगितलं तर ती भांडी घासायची थांबली. "बाबासाहेबांच्या जयंतीला अर्ज?"

१४ तारखेला पंधरा दिवस आधी म्हणजे उद्याच. आणि अ‍ॅप चालू होणार १ तारखेला. आमचे मॅनेजर केयूर सर, त्यांना विचारलं. म्हणाले, "टेक्निकली नाही होणार." एवढंच.

१ एप्रिल, मंगळवार

हजेरीचं नवं, चेहरा ओळखणारं मशीन कोणाचाच चेहरा ओळखेना! छपाईवाल्यांच्या तोंडाला शाई, पॅकिंगच्या बायकांच्या डोक्याला टोप्या. रांग गेटपर्यंत. मी एकेकाचं नाव हाताने चढवत होते. घरी पोचले तेव्हा आईचं जेवून झालं होतं.

वर्ग बुडाला.

४ एप्रिल

वर्ग बुडाला.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी दिंडोशीच्या स्टॉपवर असताना राजारामकाकांचा फोन आला. काका छपाईच्या मोठ्या मशीनवर आहेत, एकवीस वर्षं. देवगडकडचे. मी नवीन लागले तेव्हा खात्याखात्यातून मला फिरवून आणणारे तेच. आवाज घाबरा होता; गावी त्यांची आई पडली होती. "गो बाय, आवशीचो पाय मोडलो. मांडीचा हाड. मी गावाक निघालंय, गाडीतच आसंय. ता अ‍ॅप माका जमना नाय."

मी म्हटलं, "निघा तुम्ही काका. अ‍ॅपवर मी टाकते."

आज पुन्हा मशीन बंद. अजून वर्ग नाही. अभ्यास तर नाहीच नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

अंगावर सारखा ताण. सहा महिन्यांचं प्रोबेशन मेमध्ये संपतंय. केयूर सर जाता-येता म्हणतात, "या महिन्याचं काम बघूनच कन्फर्मेशन." आज सिस्टिममधून गैरहजेरीची पत्रं निघाली, अकरा. सह्या करून कुरियरला दिली. वाचायला वेळ कुणाला होता?

१४ एप्रिल, सोमवार

निळ्या कमानीखालून कामाला गेले. वसाहतीत स्पीकर लागले होते, आई पांढरी साडी नेसून वंदनेला निघालेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

आणि दुपारी राजारामकाकांच्या बायकोचा फोन. जानकीकाकी. "दर्शना, ह्यो कसलो कागद इलो गो? ह्यांनी नोकरी सोडली म्हणता? ते आवशीकडे हास्पिटलात आसत. तुका सांगून गेले ना?"

मी टाकलंच नव्हतं.

गेल्या सोमवारी त्या रांगेच्या गडबडीत विसरले. साफ विसरले! आणि खाली सही माझी.

काकीला म्हटलं, "बघते." फोन ठेवला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. केयूर सरांना सांगायला दोनदा केबिनपर्यंत गेले. दोनदा परत आले. दुसऱ्यांदा सरांनी कशासाठी आलीस विचारल्यावर हजेरीच्या मशीनचं काहीतरी बोलले.

१५ एप्रिल

काका रात्रभर प्रवास करून सरळ कंपनीत आले. दाढी वाढलेली, हातात पिशवी. केयूर सरांनी त्यांना आत बोलावलं. मलाही. जबाब लिहून घ्यायला.

सर म्हणाले, "राजाराम, कळवलं होतं का कोणाला?"

आता नाव घेणार. घेऊ दे, सुटेन तरी.

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाय साहेब. गडबडीत इसारलंय. चूक माझीच."

मी ते लिहिलं! स्वतःच्या हाताने लिहिलं. काकांनी सही केली.

नोकरी राहिली. पण शेवटची ताकीद मिळाली आणि मोठ्या मशीनवरून काढून खाली माल चढवायला टाकलं. पंचावन्न वर्षांचा माणूस. पुढचं पत्र आलं की संपलं.

१६ एप्रिल

झोप नाही. जेवणाच्या सुट्टीत काकांना जिन्यात गाठलं. "का असं केलंत?"

ते डबा पुसत होते. "तुझा प्रोबेशन आसा. माझी तीन-चार वर्सां रवली. माका कोण काय करतलो?"

"पण काका, मी विसरले हो."

"म्हायत आसा माका," म्हणाले. रागाने नाही. हेच सहन होत नाही.

वर जाताना बघितलं, खोके उचलताना कमरेवर हात ठेवून थांबले होते.

१७ एप्रिल, गुरुवार

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, गप्प बस म्हणेल. घर माझ्याच पगारावर चालतं. तिने भाकरी तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणाली, "तू आजही त्या माणसासमोर बसून जेवलीस?"

"हो."

"कशी गं जेवलीस?"

लिहायला घेतलंय. 'राजाराम यांनी सोमवार, ७ एप्रिल रोजी सकाळी मला फोनवर कळवले होते. नोंद करण्यास मी विसरले.' दोन वाक्यं. चार वेळा लिहिली, फाडली. आता पाचवी.

१९ एप्रिल, शनिवार

दिलं! सोबत फोनच्या कॉलची छापील प्रतही जोडली. केयूर सरांनी वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले. ओरडले नाहीत. "दर्शना, मलाही वर उत्तर द्यायचंय. हे आत्ता कशाला?" मग म्हणाले, "ठेव. सोमवारी बघू."

किती हलकं वाटलं! बऱ्याच दिवसांनी पुस्तक उघडलं. दोन पानं वाचली.

२१ एप्रिल, सोमवार

सरांना वाटलं असेल, मी काकांना सांगूनच केलंय. नव्हतं सांगितलं. आज केयूर सरांनी त्यांना बोलावून माझा कागद दाखवला. बाहेर आले ते माझ्या टेबलापाशी थांबले. हळू आवाजात, पण असे कधी बोलले नव्हते —

"मी तुका वाचवलंय, आणि तू माका खोटो पाडलंस. इचारलंस तरी?"

खरं सांगितलं की झालं, असंच धरून चालले होते. 'कळवलं नाही' म्हणून काकांनी सही केलेला कागद फाइलमध्ये आहे, हे डोक्यातच आलं नाही. की आलं होतं, आणि मला फक्त मोकळं व्हायचं होतं? लिहवत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी केयूर सरांनी मजकूर दिला. माझ्यासाठी 'समज देऊन सोडण्यात येत आहे.' आणि राजाराम यांना — चौकशीत खोटी माहिती दिल्याबद्दल कामावरून कमी. "टाइप करून सही कर. आजच जायला हवं."

मी म्हटलं, "सर, हे मी करणार नाही."

"विचार कर, कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात आहे."

कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि खाली गेले, माल चढवतात तिथे. काका खोक्यावर बसले होते. त्यांच्या हातात दिला. वाचून दाखवला. मग सगळ्यांसमोर, नंदासमोर, ड्रायव्हरसमोर मोठ्याने सांगितलं की फोन मलाच आला होता आणि विसरले मीच. नंदाने हातातली टेप खाली ठेवली. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी.

आत्ता पावणेपाच. एकही खोका गाडीत चढलेला नाही. मी काकांच्या शेजारी खोक्यावर बसून हे लिहितेय. ते माझ्याशी बोलत नाहीत. पण जागा करून दिली.