जानराव हर्णैला पोचला

हर्णै, ता. ५ डिसेंबर १९३४

ती. सत्यवतीताईस,
जानरावाचा सा. न. वि. वि.

अमरावतीहून सायकलवर निघालेला तुझा मास्तर भाऊ अखेर काल समुद्रावर पोचला. दापोलीच्या पुढं उतारावर चाक पार वाकलं, तेव्हा सायकल ढकलतच आलो. पण समोर पाणी दिसलं आणि वाळूत बसकणच मारली. आपल्याकडं कपाशीचं रान नजर संपेस्तोवर पसरतं ना, तसंच ते, फक्त हलतं.

होड्या परतत होत्या, मासळीचा लिलाव जोरात होता. माणिकबाई नावाची कोळीण मला हसत होती, की बैल नाही तर हे काय हाकत आणलंस. तेवढ्यात पाण्यावर दाट धुकं उतरलं आणि तिचं हसणं थांबलं. तिचा नवरा आणि जावई ज्या होडीत होते, तेवढीच यायची राहिली होती.

कंदिलांचा उजेड धुक्यात पोचेना. मी सायकलचा कार्बाईडचा दिवा काढून पेटवला. तिनं माझं मनगट धरून मला खडकाच्या टोकाशी नेलं. पाय सटकत होते, लाटा अंगावर येत होत्या. मला पोहता येत नाही, हे तिला सांगितलंच नाही. (आईला वाचून दाखवताना हे गाळ.) मी दिवा हलवत राहिलो. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी ती, त्याला नावानं हाका मारत राहिली. घसा बसायला आला तेव्हा पाण्यावरून बारीकशी ओ आली. माणिकबाई खडकावर नाचायला लागली आणि मी रडलो, ताई.

मग तिच्या अंगणात सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकर. नवरा तिला चिडवत होता, की उद्यापासून रोज नावानंच हाक मार. चाक आज दापोलीला दुरुस्तीला धाडलंय; चांगले पंधरा-वीस दिवस इथंच आहे.

लोभ आहेच, वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझा,
जानराव

अकोला, ता. ११ डिसेंबर १९३४

चि. जानरावास अनेक आशीर्वाद.

गाळायचं ते गाळायला गेले आणि अडखळले. आईनं लगेच पत्र तुझ्या भाऊजींच्या हाती दिलं. ते पडले वकील, कंसासकट वाचलं! आई कडाडली, की पोहता येत न्हाई तं गोट्यावर कावून चढला हा? पण माणिकबाईनं नवऱ्याला नावानं हाक मारली, तिथं तिनं पुन्हा वाचायला लावलं आणि पदर डोळ्यांना लावला.

बाबा गेल्यापासून आईनं अकोल्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तुला ठाऊकच आहे. काल जेवताना एकाएकी म्हणाली, की मले त्या बाईले भेटाचं हाय, समुद्र बी पाहाचा हाय, कोन येते सांगा, न्हाई तं मी एकटी जातो. तुझे भाऊजी लगेच रेल्वेचं वेळापत्रक काढून बसले!

शुक्रवारी रेल्वेनं मुंबईला निघतो, तिथून आगबोटीनं हर्णै. किनाऱ्याला यायला छोट्या होडीत उतरावं लागतं म्हणे. आई आत्तापासून भांडते आहे, की होडीत म्होरं मीच बसन.

लोभ पत्रातून धाडत नाही. सोबतच घेऊन येतो आहोत.

तुझी,
सत्यवतीताई