तीन पात्यांचा पंखा

२ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

बाबा होडीच्या इंजिनाला पाण्यातला नवा पंखा बसवायचे तेव्हा आपल्या दोघांना गोण्यांबरोबर मागे बसवायचे, आठवतं? तू गोण्यांवर पसरून बोरं खायचास आणि बिया माझ्या दप्तरात टाकायचास. मी शाळेतल्या सिस्टरांनी पाठ करायला दिलेली प्रार्थना पुटपुटत बसायचे आणि अधूनमधून तुला चिमटे काढायचे. बाबा म्हणायचे, पंख्याची परीक्षा भरल्या होडीतच.

काल तुझं पत्र वाचलं आणि ती दुपार डोळ्यांपुढे आली. तुला वेग हवाय म्हणे! चार पात्यांचा पंखा काढून तीन पात्यांचा, जास्त पिळाचा बसवू का, असं विचारतोस. होडी दोघांच्या नावावर आहे, म्हणून विचारलंस हे चांगलं केलंस. पण आपली होडी माणसं खाडीपलीकडे सोडते, तीही सावकाश. लोक तिच्यात बसून भाजी निवडतात. साठीला टेकलेल्या माणसाला अचानक घाई कसली सुटली? वर्गात एखादा द्वाड मुलगा फार शहाण्यासारखा वागायला लागला की मी आधी त्याचं दप्तर तपासायचे. तुझं दप्तर इथून दिसत नाही, एवढीच अडचण.

खरं काय ते लिही. माया आहेच, तूर्तास तिच्यावरच भागव.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेने तुला निवृत्त केलं, पण तुझ्यातल्या मास्तरणीला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

अगं, भानगड काही नाही. जुन्या पंख्यावर पूर्ण जोर दिला की इंजिन नुसतं किंचाळतं. फेरे मर्यादेबाहेर जातात आणि होडी त्या मानाने पुढे सरकत नाही. पंखेवाला म्हणतो, पात्यांचा पीळ वाढवला की प्रत्येक फेऱ्याला होडी जास्त अंतर कापेल, आणि एक पातं कमी झालं की पाण्याचा अडथळाही कमी. आता सगळेच वेगाने जातात, मग आपणच का मागे राहायचं?

बाकी सगळं नेहमीचंच. शिंपीबुवा कालही कठड्याला टेकून असे काही घोरले की प्रवासी म्हणाले, इंजिन बंद करा, यांच्यावरच जाऊ.

तू फक्त ‘हो’ कळव. फार खोलात शिरू नकोस, तुला पोहता येत नाही.

तुझ्या आशीर्वादाचा (आणि होकाराचा) भुकेला,
भोपळ्या


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,
अ. उ. आ.

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय, त्यावरून काय ते समज.

तुझा नवरा मला बनवतोय. होडी माणसांनी भरलेली असली की इंजिनाला ओझं असतं, ते मर्यादेबाहेर पळत नाही. उलट धापा टाकतं. त्या जुन्या पंख्यावर ते किंचाळतंय म्हणजे होडी रिकामी आहे. रिकामी होडी पूर्ण जोराने कोण पळवतं? ज्याला ती गिऱ्हाइकाला दाखवायची आहे तो! होडी भन्नाट पळते म्हटल्यावर घेणारा भुलणार. विकायची असेल तर तोंडावर सांगा. बाबांची होडी अशी पंख्याआडून जायला नको.

तूही त्याला सामील आहेस की नाही, हे तुझ्या उत्तराच्या लांबीवरून मी ओळखेन. मुलांना जप आणि माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी वन्सं


२१ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

लांबच उत्तर लिहिते, म्हणजे माझी सुटका होईल.

तुमचा निम्मा संशय खरा आहे. होडी रिकामीच असते. गेल्या वर्षी पूल झाला आणि माणसं बसने जायला लागली. शिंपीबुवा जावयाच्या स्कूटरवर मागे बसून पूल ओलांडतात आणि तिथे ते घोरत नसावेत. त्यांच्या घोरण्याच्या गोष्टी हे स्वयंपाकघरात बसून रचतात, मला वाचून दाखवतात आणि विचारतात, ताईला खरं वाटेल ना? बाबांची होडी भरून चालते असं तुम्ही समजून होतात. ते मोडायचं यांच्या जिवावर आलं.

विकत घ्यायला एक जण आला होता. यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता एका प्रयोगशाळेचं काम मिळालंय. खाडीतल्या बेटांना पूल नाही. तिथल्या दवाखान्यांतल्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीतून शहरात पोचवायच्या. ओझं असं नाहीच, पण वेळेत पोचायला हवं. जुन्या पंख्याने उशीर झाला आणि त्यांनी एकदा अख्खी पेटी नाकारली. पुन्हा तसं झालं तर काम जाईल, आणि मग होडी खरोखरच विकावी लागेल.

मी हे कळवलंय असं यांना सांगू नका. सांगणारच असाल तर रागावू नका. तुमची छाया आम्हावर आहे तशीच राहो.

तुमची भावजय


२७ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

शिंपीबुवांचं घोरणं मी वर्षभर शेजारणींना वाचून दाखवत होते. आता त्यांना काय तोंड दाखवू, लबाडा? वहिनीला रागावू नकोस. मी तिला उलटसुलट विचारून भंडावलं, कुणीही बोललं असतं.

तीन पात्यांचा घे. ज्या ओझ्याने होडी रोज जाणार, त्याच ओझ्याने पंखा निवडायचा, आणि आता ओझं म्हणजे तू आणि बर्फाची पेटी. मात्र पाण्यात चालवून बघितल्याशिवाय पैसे मोकळे करू नकोस. पूर्ण जोर दिल्यावर इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चढलं पाहिजे. चढलं नाही, नुसतं कण्हत राहिलं, तर पीळ जास्त झाला. पंखेवाला म्हणेल, सवय होईल. ऐकू नकोस. तो मला पहिल्यापासून गोडबोल्या वाटतोय.

आणि यापुढे होडीत पेटी असेल तर पेटीच लिही. मला पेटीच्याही गोष्टी आवडतील.

रागासकट लोभ आहे, तो दोन्हीसकट वाढू दे.

तुझी ताई

ता. क. होडी हलकी करायची तर बाकं काढायला हवीत, आणि तुझा हात धजायचा नाही, म्हणून मीच वाटणी करते. लांब बाकं बालवाडीला, पाय कापून ठेंगणी करून. छताची ताडपत्री धक्क्यावरच्या भाजीवालीला. तिकिटांची चामडी पिशवी तुझ्या नातीला, तिला दुकान-दुकान खेळायला. जीवरक्षक जाकिटं बेटावरच्या शाळेला, फक्त दोन तुझ्याकडे ठेव. आणि होडीतला माझा अर्धा वाटा वहिनीला, तुला नाही. होडीच्या दुसऱ्या मालकाला खरं सांगावं लागतं, आणि तिच्याशी खोटं बोलून तुला जेवायला मिळायचं नाही.