पळसाचा पिवळा

२० फेब्रुवारी १९५६
नागपूरच्या ग्रामोद्योग शिबिरातून परत. निश्चय: आपल्या गावातल्या मागांवर विलायती पुडीचा रंग बंद! रेशमाचा कोसा आपल्या ऐनाच्या झाडावरचा, विणणारे आपले, मग रंगच काऊन परका? पळस सगळीकडे फुलला आहे, आणि फुकट आहे. शिबिरात रंगाच्या तासाला मला जरा डुलकी लागली होती. पण फुलं उकळायला काय अक्कल लागते?

२६ फेब्रुवारी
टोपलीभर फुलं उकळली. धागा झकास पिवळा. धुतला. पाणी झकास पिवळं, धागा जसाच्या तसा. बायको शामकला म्हणाली, माझा वरण शिजवायचा गंज वाया गेला. बायकांना दूरचं दिसत नाही.

३ मार्च
पुन्हा तेच. लाकूड ओलं होतं.

८ मार्च
बुधवारी शिबिराचे साहेब रंग पाहायला येणार. शाळेचं काम सांगून गोंदियाला जाऊन आलो. पुडी आणली. एकच. या एका वेळेपुरती.

१४ मार्च, संध्याकाळ
साहेब खूश! धाग्याची लड उन्हात धरून म्हणाले, वाह मास्तरजी, असली देसी रंग! मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.
धुरपताबाई कोष्टीण मागे लागली, मलेही सांगा. तिची आजी असा रंग करायची म्हणे, पण कृती आजीबरोबरच गेली. सांगितली: फुलं, पाणी, दोन घटका उकळ. चांगलं ठासून सांगितलं.

२ एप्रिल
धुरपताबाईच्या रुख्मिणीचं अक्तीला, अक्षय्य तृतीयेला, लग्न. लग्नाचं लुगडं आई स्वतः विणणार. दोन वर्षं निवडून निवडून जपलेला कोसा आहे, दुसरा नाही. आणि तो पळसात रंगवणार, माझ्या कृतीने. उद्या सकाळी जाऊन खरं सांगायचं. नक्की.

३ एप्रिल
डोकं दुखत होतं.

९ एप्रिल
उशीर झाला. तिचा धागा धुतल्यावर मळकट, डागडाग. घेऊन आली. रडली नाही. म्हणाली, माह्याच हाताले गुण नाही मास्तर, कुठं चुकली ते सांगा. मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं: विहिरीचं पाणी जड असेल.
लिहितानाही लाज वाटते.

१२ एप्रिल
शामकला सांगत होती, धुरपताबाई कोसभर लांबच्या तलावावरून डोक्यावर पाणी वाहून राहिली आहे. जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल
गेलो. सगळं सांगितलं. डुलकी, पुडी, सगळं.
तिने माझा हात धरून बोटं उलटी केली. नखांच्या कडेला पिवळा अजून होता. म्हणाली, पळसाचा माह्या हातावरून एका धुण्यात गेला, तुमच्या नखातून महिनाभर नाही गेला. तवाच समजलं. पाणी कायले वाहात होती मी? म्हटलं, आता तरी मास्तर बोलतील.
धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. नवीन धागा आणून देतो म्हणालो. ती म्हणाली, राहू द्या, हाच विणतो.

१३ मे
अक्ती. लग्न लागलं. रुख्मिणीच्या अंगावर तेच डागाळलेलं लुगडं. वराकडच्या बायका विचारत होत्या, हा कसा रंग वं? धुरपताबाई शांतपणे सांगत होती, देसी रंग असाच राहाते, आमच्या मास्तरनं शिकवला. दोघींनी तर कृतीही विचारली.
पंगतीत मी नखं लपवत उजवा हात मांडीखाली दाबून बसलो होतो. भात वाढला. जेवायला हात काढावाच लागला.