पिकला की काढू

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळींत तीनदा लिहिलंस की काळजीचं कारण नाही, तेव्हाच मला काळजी लागली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि तो पिकला की काढू, असं म्हणतोस. डोळा म्हणजे काय फळ आहे, गवतात घालून ठेवायला? आणि हे निदान केलं कुणी, तर शेजारच्या चष्मेवाल्याने, तुझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून.

त्याच पत्रात जाता जाता लिहिलंस की डाव्या हाताच्या धक्क्याने स्क्रूची ताटली पडली आणि सूनबाई अर्धा तास फरशीवर चुंबक फिरवत बसली. मागच्या पत्रात दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली होती. तुला हसू येतंय, मला येत नाही. यांचंही असंच सुरू झालं होतं. पाट्या रंगवणारा माणूस, पण शिडीवरून उतरताना पायाशी रंगाचा डबा दिसेना. आम्ही म्हटलं, वय झालं, मोतीबिंदू असेल. निघाला काचबिंदू. तो नजर काठाकडून खात येतो, मधली शेवटी नेतो, आणि दुखत तर मुळीच नाही. शेवटची सहा वर्षं ते भिंतीला हात लावून चालले, ते तू पाहिलं आहेस.

मोठ्या इस्पितळात जा. लोभ आहे म्हणून ओरडते आहे, हे समजून घे.

तुझी
अक्का

१४ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सूनबाईने मोठ्याने वाचलं. दुकानातली बंद घड्याळंसुद्धा दचकून चालू झाली असतील. अगं, मी घड्याळजी आहे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवतो. डोळे बिघडले असते तर सगळ्यांच्या आधी मला कळलं नसतं? भिंग उजव्या डोळ्याला आणि डावा मिटलेला, अशी माझी चाळीस वर्षं गेली. डाव्याला थोडं धुकं दिसतं, पण तो तसाही बसून खाणारा.

आणि पिकू द्यावा, हे मला चष्मेवाल्याने शिकवलेलं नाही. तुला आठवत नसेल. दाजी खिडकीजवळ बसले होते, मी त्यांच्या शेजारी, आणि तू एका जाड पुस्तकातून वाचून दाखवलंस की मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये. तुझं वाचन म्हणजे आमच्या घरात शेवटचा शब्द. मग आता माझ्यावर का डाफरतेस?

गंमत केली, मनावर घेऊ नकोस. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आठवत नसेल, म्हणतोस. मला त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा रंगही आठवतो.

मी वाचायला कशी शिकले, तुला ठाऊक आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागदांचे फर्मे दुमडताना. पहिल्या पानाशेजारी सोळावं, त्यांच्या डोक्यावर दोन उलटी. त्या गोंधळातून अक्षर सापडत गेलं. शाळा नाही, मास्तर नाही, म्हणून जे छापलंय ते खरंच असणार असं धरून चालले. ते पुस्तक रद्दीतून आणलं होतं. ते छापलं कधी, हे बघायचं मला सुचलं नाही. जन्मभर पुस्तकं बांधणाऱ्या बाईला. हे गेल्यावर बघितलं, तर माझ्या जन्माच्याही आधीचं. आता म्हणे मोतीबिंदू पिकायची वाट बघत नाहीत. बारीक छेदातून काढतात, कृत्रिम भिंग बसवतात, त्याच दिवशी घरी. आणि यांचा तर तो मोतीबिंदूच नव्हता. मी यांना दोन वर्षं थांबवून ठेवलं, ते एका शिळ्या ओळीच्या भरवशावर, आणि तीही दुसऱ्याच रोगाची.

हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते. तू थट्टेत लिहिलंस. असो.

आता ऐक. भिंगातून तू फक्त मधलं बघतोस आणि दुसरा डोळा मिटून घेतोस. म्हणजे डोळे चालल्याचं सगळ्यात शेवटी कुणाला कळेल, तर घड्याळजीला. उजवा डोळा तळहाताने झाक आणि डाव्याने समोरच्या दाराकडे बघ. दोन्ही बाजू दिसतात का, ते खरं लिही.

माझा राग तुझ्यावर थोडा आहे, माझ्यावर जास्त. पण झेलायचा तुलाच.

अक्का

२२ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण पुरतं कळल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

उजवा डोळा झाकला. दाराची एक बाजू नव्हती. काळोख नव्हता गं, दारच तिथे संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सूनबाईने इस्पितळात नेलं. डोळ्यातला दाब मोजला, तो बराच चढलेला. मग यंत्रावर हनुवटी टेकवली, हिरव्या खुणेकडे बघितलं, आणि कुठेही न कापता नजरेच्या शिरेचा फोटो निघाला. तिथला थर जिथे झिजलाय तिथे लाल रंग. डावा डोळा बहुतेक लाल. उजवा एका कोपऱ्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू किरकोळ आहे, हा काचबिंदूच. गेलं ते येणार नाही. पिकवत बसला असतात तर भिंगाचा डोळाही गेला असता.

दोन्ही डोळ्यांना लेसर केलं. आतलं पाणी जिथून निचरतं ती जाळी मोकळी करतात. पाच-पाच मिनिटं, नुसती टिकटिक, तीही अनियमित. माझ्याकडे असं घड्याळ आलं असतं तर उघडून बसलो असतो. दीड महिन्याने दाब उतरलाय. थेंब मात्र जन्मभर.

बाईंनी विचारलं, सख्खं भावंड आहे का, त्यांचेही डोळे तपासायला हवेत. मी सांगितलं, एक बहीण आहे, पण ती फक्त दुसऱ्यांना पाठवते. कधी दाखवलेस गं तू?

आता माझी पाळी रागावण्याची. उत्तराची वाट बघतो.

तुझा
धाकटा

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू डिवचलंस म्हणून गेले. माझे डोळे चांगले आहेत. शीर शाबूत, दाब ठीक. फोटो सोबत पाठवते, हिरवा रंग बघून जळ.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. फोटोला मिनिटही लागलं नाही. मग यंत्रावरच्या मुलीने बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. मी तिला सहज विचारलं, हे यंत्र इथे कधी आलं. ती म्हणाली, बारा वर्षं झाली, आजी. धाकट्या, बारा वर्षं. यांना डबा दिसेना झाला त्याला दहा. कारखान्यात जाताना मी रोज त्या इस्पितळाच्या दारावरून गेले आहे, बाहेरची पाटी तपासणीच्या वेळांसकट वाचत. सोमवार ते शनिवार, नऊ ते एक.

मुलगी म्हणाली, रडू नका, औषध वाहून जाईल. मी तिला सांगितलं, मी रडत नाहीये, मला राग आलाय. तिने पुन्हा थेंब घातले.

तू तुझे चुकवू नकोस. चुकवलेस तर मी येऊन घालीन, आणि माझा हात हल्ली थरथरतो.

अक्का